तारकाकेंद्र नसताना अंडपेशी तुर्कतंतू कसे उभारते?

सोलापूरच्या कुठल्याही ज्युनिअर कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत कांदा असतोच. आपल्या बाजार समितीत गाड्याच्या गाड्या भरून येतो तोच कांदा. तो पाणी भरलेल्या बाटलीच्या तोंडावर ठेवायचा, मुळं फुटली की टोकं कापायची, रंगवायची, काचपट्टीवर अंगठ्याने दाबायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशीविभाजन बघायचं. मग जर्नलमध्ये आकृती. खाली बघितलेला असतो कांदा, पण बहुतेक मुलं आकृती काढतात ती पुस्तकातल्या प्राणीपेशीची. दोन टोकांना दोन तारकाकेंद्रं, त्यांतून निघालेले तुर्कतंतू (गुणसूत्रं ओढून वाटणारे धागे), मधोमध गुणसूत्रं. मार्कही मिळतात. कांद्याच्या पेशीत मुळात तारकाकेंद्र नसतं, हे कुणी विचारत नाही.

वनस्पतींचं एकवेळ सोडून देऊ. पण माणसाच्या अंडपेशीतही तारकाकेंद्र नसतं. आपल्या शरीरातल्या इतर पेशी विभागताना ज्याच्या आधाराने तंतू उभारतात, ते अंडपेशी घडत असतानाच नाहीसं होतं. गर्भाला पुढे लागणारी तारकाकेंद्रं येतात ती वडिलांच्या शुक्राणूबरोबर. म्हणजे अंडपेशीला आपलं सगळ्यात नाजूक काम, गुणसूत्रांची अर्धी-अर्धी वाटणी, त्याच्याशिवायच उरकावं लागतं. हे काम काही प्रथिनं मिळून करतात. माणसात ती हे काम सावकाश करतात आणि खरं सांगायचं तर थोडं डळमळतच करतात. वारंवार होणारे गर्भपात, डाउन सिंड्रोम, आयव्हीएफच्या (शरीराबाहेर फलन करण्याच्या उपचाराच्या) रिपोर्टमधले न समजणारे शेरे, यांतल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ या डळमळण्यात आहे.

आधी तंतू म्हणजे काय ते बघू. तुर्कतंतू हे ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाचे असतात. ट्यूब्युलिनचे कण एकापुढे एक आणि शेजारी-शेजारी लागत जातात आणि सुमारे २५ नॅनोमीटर जाडीची पोकळ नळी तयार होते. तिला सूक्ष्मनलिका म्हणतात. ही नळी एकदा बांधली की संपलं, असं नसतं. ती एका टोकाने वाढते, अचानक कोसळायला लागते, पुन्हा वाढते. टिम मिचिसन आणि मार्क कर्शनर यांनी १९८४ मध्ये हे दाखवून दिलं. असं सारखं वाढणं-कोसळणं चालू असल्यामुळेच नळ्या पेशीत चाचपडत गुणसूत्रांपर्यंत पोचू शकतात. ट्यूब्युलिनला अडवणारं एक द्रव्य आपल्या पावसाळी रानात उगवतं. कळलावीच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. ते ट्यूब्युलिनला चिकटलं की नवी नळी बनत नाही आणि विभाजन अर्ध्यावर थांबतं. गाउट या सांधेदुखीवर डॉक्टर हेच कोल्चिसिन अगदी मोजून देतात, आणि कळलावी विषारी ठरते त्याचंही एक कारण हेच.

विभाजनाच्या वेळी अशा हजारो नळ्या मिळून मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती अशी रचना बनते. गुणसूत्रं मधल्या फुगीर भागात रांगेत लागतात आणि दोन टोकांकडे ओढली जातात. साध्या पेशीत टोकं कुठे असावीत हे तारकाकेंद्रं ठरवतात. अंडपेशीत ते कुणी ठरवायचं?

उत्तराकडे जाण्याआधी अंडपेशीच्या वयाबद्दल बोलायलाच हवं. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयात ६० ते ७० लाख बीजं, म्हणजे अंडपेशी, असतात. जन्माच्या वेळी १० ते २० लाख उरतात, पाळी सुरू होताना तीन-चार लाख. आयुष्यभरात बाहेर पडतात ती चार-पाचशे. गुणसूत्रं निम्मी करणारं अर्धसूत्री विभाजन लागोपाठ दोनदा होतं, आणि ही सगळी बीजं जन्माआधीच त्यातल्या पहिल्याच्या सुरुवातीला येऊन थांबलेली असतात. गुणसूत्रांच्या २३ जोड्या जुळलेल्या, जोडीतल्या दोघांत काही तुकड्यांची अदलाबदल झालेली, आणि पुढचं काम स्थगित. काहींचं १२ वर्षं, काहींचं ४५. पुरुषात शुक्राणू सतत नवे बनत राहतात. पस्तिशीच्या बाईचं बीज मात्र पस्तिशीचं असतं, किंबहुना काही महिन्यांनी जास्तच.

पाळीच्या चक्राच्या मध्यावर मेंदूखालच्या ग्रंथीतून एलएच हे संप्रेरक एकदम वाढतं आणि थांबलेलं काम सुरू होतं. पेशीतलं सीडीके-१ हे विकर (एन्झाइम) सायक्लिन-बी या जोडीदाराबरोबर कामाला लागतं. विभाजनाची ही कळ पहिल्यांदा सापडली ती बेडकाच्या अंडपेशीत, १९७१ मध्ये योशिओ मासुई आणि क्लेमंट मार्कर्ट यांना. ही कळ दाबली गेली की केंद्रकाचं आवरण विरघळतं आणि गुणसूत्रं पेशीद्रवात मोकळी होतात. अंडपेशी साधारण ०.१ मिलिमीटरची, म्हणजे शरीरातल्या इतर पेशींच्या मानाने अवाढव्य, आणि तिच्यात कोपऱ्यात कुठेतरी ही इवलीशी गुणसूत्रं. तंतू भलतीकडे उगवले तर काही उपयोग नाही. ते गुणसूत्रांपाशीच उगवले पाहिजेत.

ही अडचण सोडवतं ते रॅन नावाचं छोटं प्रथिन, आणि ते ज्या पद्धतीने सोडवतं ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. रॅनची दोन रूपं असतात, एक चालू आणि एक बंद. रॅनला चालू करणारं प्रथिन, आरसीसी-१, गुणसूत्रांनाच चिकटून बसलेलं असतं. बंद करणारं प्रथिन मात्र पेशीद्रवात सगळीकडे पसरलेलं असतं. त्यामुळे गुणसूत्रांच्या आसपास चालू रॅन दाट आणि दूर जावं तसं विरळ, असा चढउतार आपोआप तयार होतो. आता तंतू उगवायला लागणारी प्रथिनं, उदाहरणार्थ टीपीएक्स-२, पेशीभर असतात, पण इम्पोर्टिन नावाचं दुसरं प्रथिन त्यांना धरून ठेवतं. धरलेलं असेपर्यंत ती निकामी. चालू रॅन आलं की इम्पोर्टिनची पकड सुटते. सुटका होते ती अर्थातच गुणसूत्रांपाशी, कारण चालू रॅन तिथेच आहे. मोकळं झालेलं टीपीएक्स-२ नव्या नळ्या उगवू देतं आणि ऑरोरा-ए या विकरालाही जागं करतं. ते पुढच्या कित्येक प्रथिनांवर फॉस्फेट लावून त्यांना कामाला जुंपतं. थोडक्यात, तंतू कुठे हवेत हे गुणसूत्रंच सांगतात. बाहेरचा कुणी मुकादम लागत नाही.

उंदराची अंडपेशी यापेक्षा सुखात असते. तिच्यातही तारकाकेंद्र नसतं, पण त्याच्यातल्या प्रथिनांचे कितीतरी छोटे पुंजके पेशीत विखुरलेले असतात. विभाजनाच्या वेळी ते गुणसूत्रांभोवती जमतात, तंतू उगवतात आणि शेवटी दोन टोकांना गोळा होतात. उंदरात रॅनला अडवलं तरी उशिरा का होईना तंतू उभे राहतात. वर्षानुवर्षं सगळे धरून चालले होते की माणसातही असंच असणार. माणसाच्या अंडपेशी संशोधनाला मिळणार कुठून?

त्या मिळाल्या केंब्रिजजवळच्या बॉर्न हॉल क्लिनिकमधून. आयव्हीएफसाठी बीजं काढली की त्यांतली काही अपक्व निघतात आणि उपचारात वापरली जात नाहीत. ती स्त्रियांनी संशोधनाला दिली. जीवशास्त्रज्ञ मेलिना शू यांच्या गटाने त्या जिवंत अंडपेशींचं तासन्‌तास चित्रण केलं आणि २०१५ मध्ये निष्कर्ष छापले. साध्या पेशीत जी रचना अर्ध्या तासात उभी राहते, उंदराच्या अंडपेशीत तीन ते पाच तासांत, तिला माणसाच्या अंडपेशीत सुमारे १६ तास लागत होते. उंदरातले पुंजके माणसात दिसलेच नाहीत. इथे रॅनला अडवल्यावर तंतूंचं कामच कोलमडलं. आणि उभी राहिलेली रचनाही स्थिर नव्हती. दोनाची तीन टोकं व्हायची, पुन्हा दोन व्हायची, टोकं फाकायची. ज्या अंडपेशीत हे जास्त, तिच्यात गुणसूत्रांची वाटणी चुकण्याची शक्यता जास्त.

टोकं का फाकतात? नळ्या उगवल्या तरी त्यांना दिशा लावावी लागते, आणि ते काम मोटर प्रथिनांचं. ही प्रथिनं ऊर्जा खर्चून नळीवरून चक्क चालतात. केआयएफ-११ हे दोन्ही बाजूंना डोकी असलेलं मोटर प्रथिन उलट दिशांच्या दोन नळ्या एकदम पकडतं आणि त्यांना एकमेकींपासून दूर सरकवतं. असं हजारो ठिकाणी झालं की गोलसर गुंता लांबट होतो आणि त्याला दोन टोकं येतात. मग ती टोकं बांधून ठेवायची असतात. न्यूमा आणि डायनीन ही प्रथिनं नळ्यांची शेवटं एकत्र ओढतात, आणि केआयएफसी-१ हे उलट्या दिशेने चालणारं मोटर प्रथिन त्यांना शेजारी-शेजारी घट्ट धरतं. शू यांच्याच गटाने २०२२ मध्ये उंदीर, गाय, डुक्कर आणि माणूस यांच्या अंडपेशी ताडून पाहिल्या. माणसाच्या अंडपेशीत केआयएफसी-१ अगदीच कमी निघालं. उंदराच्या आणि गायीच्या अंडपेशीतून ते काढून टाकलं तर त्याही माणसासारख्या डळमळू लागल्या. उलट माणसाच्या अंडपेशीत ते बाहेरून घातलं तर टोकं स्थिर झाली. उत्क्रांतीने माणसाला हे प्रथिन इतकं कमी का दिलं असेल, यावर वाचकांनी मनातल्या मनात तर्क लढवायला हरकत नाही.

त्याच वर्षी शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या गटाने चित्र आणखी गुंतागुंतीचं केलं. त्यांना माणसाच्या अंडपेशीत पेशीपटलाखाली एक वेगळीच रचना दिसली. ती केंद्रकाकडे सरकते, आवरण विरघळल्यावर गुणसूत्रांपर्यंत जाते आणि तिथून नळ्या उगवायला मदत करते. तिच्यात टीएसीसी-३, सीकेएपी-५ अशी प्रथिनं होती. मूल न होणाऱ्या काही स्त्रियांच्या टीएसीसी-३ जनुकात बिघाड सापडला आणि त्यांच्या अंडपेशींत ही रचनाच बनत नव्हती. म्हणजे ‘सगळं गुणसूत्रंच करतात’ हे २०१५ चं उत्तर पुरं नव्हतं. मला हा भाग आवडतो. सात वर्षांत पाठ्यपुस्तकाचा एक परिच्छेद जुना झाला.

तंतू उभे राहिले की ते गुणसूत्राच्या मध्यावरच्या कायनेटोकोअर या प्रथिनांच्या जागी चिकटतात. जोडीतल्या एकाला एका टोकाचे तंतू, दुसऱ्याला दुसऱ्या टोकाचे, हे बरोबर. दोघांनाही एकाच टोकाचे चिकटले तर चूक. चूक असेल तर जोडीवर ताण येत नाही, आणि ऑरोरा-बी व ऑरोरा-सी ही विकरं अशी ढिली जोडणी सोडवून टाकतात, म्हणजे पुन्हा प्रयत्न करता येतो. अंडपेशीत हे सारखं सोडवणं-जोडणं चालू असतं. त्या १६ तासांतला काही वेळ त्यातही जातो.

सगळ्या जोड्या नीट लागेपर्यंत विभाजन थांबवून धरायची एक व्यवस्था आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या नव्या मागांवर काम केलेल्यांना ती लगेच कळेल. तिथे ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ पत्री लटकत असते. धागा तुटला की पत्री खाली पडते आणि माग आपोआप थांबतो. पेशीत पत्रीचं काम मॅड-२, बबआर-१ अशी प्रथिनं करतात. एकही कायनेटोकोअर मोकळा असेल तर ती तिथे जमतात आणि थांबण्याचा निरोप पाठवत राहतात. सीडीसी-२० नावाचं प्रथिन तोवर अडकून असतं, पुढचं विभाजन होत नाही. साध्या पेशीत ही व्यवस्था इतकी कडक की एक मोकळा कायनेटोकोअरही पुरतो. अंडपेशीत ती ढिली असते. पेशी एवढी मोठी की निरोप विरळ होऊन जातो, आणि दोन-चार गुणसूत्रं रांगेबाहेर असतानाही माग पुढे चालू लागतो. एकेक धागा तुटलेला, तरी कापड विणलं जातंय.

निरोप थांबला की सीडीसी-२० मोकळं होतं, सेक्युरिन हे प्रथिन नष्ट होतं आणि त्याने आवरून धरलेली सेपरेज ही प्रथिनं कापणारी कात्री मोकळी सुटते. ती कापते कोहेसिनला. कोहेसिन म्हणजे गुणसूत्रांना एकमेकांशी बांधून ठेवणारी प्रथिनांची कडी, आणि अंडपेशीत तिचा मुख्य घटक रेक-८. पहिल्या विभाजनात बाजूच्या कड्या कापायच्या, पण मध्यावरच्या मात्र दुसऱ्या विभाजनापर्यंत शाबूत ठेवायच्या. त्यांच्यावर शुगोशिन पहारा देतं.

वयाचा मुद्दा इथे येतो. या कड्या मुलगी आईच्या पोटात असतानाच बसवल्या जातात. नंतर झिजल्या तर नव्या बसत नाहीत, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. पस्तिशी-चाळिशीपर्यंत बऱ्याच कड्या गळालेल्या असतात. जोड्या वेळेआधी सैल होतात, तंतूंना धड ताण मिळत नाही, ढिली राखण व्यवस्था ते पकडत नाही, आणि एखादं गुणसूत्र भलत्याच बाजूला जातं. २१ वं गुणसूत्र जास्तीचं गेलं तर डाउन सिंड्रोम. आईचं वय २५ असताना हे साधारण १,२५० जन्मांत एकदा होतं, ३५ ला ३५० ते ४०० जन्मांत एकदा, ४० ला १०० जन्मांत एकदा. इतर बहुतेक गुणसूत्रांची वाटणी चुकली तर गर्भ टिकतच नाही, आणि सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत अशी चूक असते.

हे सगळं समजून घेतल्यावर आपल्याकडचं एक बोलणं फार खुपतं. पूर्व भागातल्या चाळीत असो की जुळे सोलापुरात, गर्भपात झाला की सुनेने काय खाल्लं, किती वजन उचललं, मागावर उभी राहिली का, याची चौकशी सुरू होते. गुणसूत्रांच्या वाटणीतली चूक यांपैकी कशानेही होत नाही. ती अंडपेशीच्या रचनेतच असते, आणि ज्या कड्या झिजतात त्या त्या बाईने जन्माआधीच मिळवलेल्या असतात. आणि मूल होत नसेल तर पहिली, स्वस्त तपासणी नवऱ्याच्या वीर्याची असते. ती टाळून वर्षभर बायकोलाच दवाखान्यात फिरवणारी घरं आपल्या गावात कमी नाहीत.

आणखी एका गोष्टीबद्दल थोडक्यात. उभारलेली रचना अंडपेशीच्या मधे राहून चालत नाही, कडेला जावी लागते, म्हणजे अर्धी गुणसूत्रं ध्रुवकाय नावाच्या छोट्या पेशीत टाकून देता येतात आणि पेशीद्रव जवळपास सगळा अंडपेशीकडेच राहतो. ते सरकवण्याचं काम ट्यूब्युलिनचं नाही, ॲक्टिनच्या धाग्यांचं. उंदरात ते धागे फॉर्मिन-२ हे प्रथिन घडवतं. मग लगेच दुसऱ्या विभाजनाचे तंतू उभे राहतात आणि अंडपेशी पुन्हा थांबते. शुक्राणू येऊन कॅल्शियमची लाट उठवेपर्यंत एमी-२ हे प्रथिन तिला थांबवून धरतं.

आयव्हीएफच्या रिपोर्टवर जीव्ही, एमवन, एमटू असे शेरे असतात, ते याच टप्प्यांचे. जीव्ही म्हणजे केंद्रकाचं आवरण अजून विरघळलेलंच नाही. एमवन म्हणजे पहिल्या विभाजनाचे तंतू उभे आहेत किंवा उभे राहताहेत. एमटू म्हणजे ध्रुवकाय बाहेर पडली, पेशी पक्व झाली, फलनाला तयार. एलएचच्या जागी काम करणारं एचसीजीचं इंजेक्शन दिल्यापासून ३४ ते ३६ तासांनी बीजं काढतात, ते त्या सोळा तासांचा आणि पुढच्या टप्प्यांचा हिशेब धरूनच. दुसऱ्या विभाजनाचे तंतू थंडीला फार घाबरतात. खोलीच्या तापमानाला दहा मिनिटं ठेवली तरी नळ्या विस्कटायला लागतात. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत एसी कितीही गार असला तरी सूक्ष्मदर्शकाखालची पट्टी ३७ अंशांवरच तापवलेली असते. मे महिन्यात बाहेर ४३ अंश असताना आत ही ३७ ची पट्टी बघून काही नातेवाइकांना हसू येतं.

बऱ्याचदा काही बीजं एमवनला राहतात, त्याची काळजी करण्यासारखं नसतं. पण काही स्त्रियांची सगळीच बीजं, प्रत्येक वेळी, एमवनलाच अडकतात. यामागचं एक कारण २०१६ मध्ये समजलं. टीयूबीबी-८ हे जनुक अंडपेशीतल्या ट्यूब्युलिनचा एक प्रकार बनवतं आणि ते फक्त माणसात व त्याच्या जवळच्या प्राण्यांत असतं. त्यात बिघाड असेल तर नळ्याच धड बनत नाहीत. त्यामुळे सगळी बीजं दोन वेळा एमवनला अडकली असतील तर औषधांचा डोस तिसऱ्यांदा वाढवून बघण्याआधी जनुक तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावं. बिघाड निघाला तर दात्या स्त्रीचं बीज हा पर्याय उरतो. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार दाती २३ ते ३५ वयाची असावी लागते आणि ती आयुष्यात एकदाच बीजदान करू शकते.

‘बीजाची क्वालिटी’ वाढवणाऱ्या प्रथिनांच्या पावडरी मेडिकलमध्ये मिळतात. वरच्या सगळ्या लेखात प्रथिन हा शब्द शंभरदा वाचून कुणाला त्या आठवल्या असतील, म्हणून सांगतो. तोंडाने घेतलेलं प्रथिन पोटात पचून अमिनो आम्लांत मोडतं. केआयएफसी-१ प्रयोगशाळेत अंडपेशीत पोचवलं ते अतिसूक्ष्म सुईने, थेट पेशीच्या आत, आणि तेही संशोधनासाठी दिलेल्या बीजांत. दवाखान्यात असा उपचार अजून मिळत नाही.